ग्लासातला दुधाळ धागा

जूनमध्ये १० गुंठ्यांत टोमॅटो लावला. बेड, बांबू, तार, सुतळी, सगळं बिनबोभाट झालं. जुलैत पाऊस बसला. पंचगंगा पात्राबाहेर, उघडीप नाही, आणि खालच्या पानांवर तपकिरी ठिपके. ठिपक्यात वर्तुळात वर्तुळ, म्हणजे लवकर येणारा करपा. ती पानं विळ्यानं काढली, पाऊस थांबला की १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक पानांच्या खालूनही मारलं. आटोक्यात आला.

खरा ताप पुढं. उताराच्या टोकाला पाणी साचतं, तिथली झाडं दुपारी माना टाकायची, पहाटे परत ताठ. तिसऱ्या दिवशी उठलीच नाहीत. पानं मात्र हिरवीगार! फोटो घेऊन औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मोबाईल हातातसुद्धा घेतला नाही. "मर हाय, बुरशीची. हे मुळाशी ओता." ओतलं. चार दिवसांत आणखी सात झाडं. परत गेलो. "डोस कमी पडला असंल, हे भारीतलं घ्या." तेही ओतलं. तिसऱ्या खेपेला टॉनिक माथी मारलं. "झाड उपटून आणू का?" म्हटलं, तर म्हणे, "कशाला वो, मला इथनंच कळतंय." तोवर ४० झाडं गेलेली आणि बिलांची चळत खिशात.

शेवटी शेजारच्या रानातल्या आक्का आल्या. आजारी झाडाचं खोड जमिनीलगत कापलं, चहाच्या काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेतलं आणि कापलेलं टोक त्यात हलू न देता धरलं. थोड्याच वेळात दुधाळ धागा खाली उतरायला लागला. "जिवाणू हाय लेका. बुरशीचं औषध ह्याला काय करणार?" दुकानदाराचा राग आला, पण एकदाचं कळलं म्हणून हायसंही वाटलं.

लागलेल्या झाडाला औषध नाही. मुळांसकट उपटली, रानाबाहेर नेऊन पुरली, टोकाला चर काढून पाणी बाहेर काढलं. उकिरड्यावर टाकू नका. आणि हो, पानं काढताना मी एकच विळा न धुता सगळीकडं फिरवला होता, ते करू नका. त्या जागी पुढं वांगी, मिरची, बटाटाही नको, हा रोग त्यांनाही होतो. मी मका टोकणार आहे.

गणपतीच्या आधी उरलेल्या झाडांचा पहिला तोडा झाला. जाता जाता दुकानात डोकावलो, ग्लासाचं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, "मग आधी सांगायचं न्हाई का?" म्हणाला आणि कपाटातनं नवीन डबा काढायला वळला.