पान ३१ वरची एक ओळ

मागच्या महिन्यात कपाट आवरताना आमचा पहिला स्ट्रॅटेजिक प्लॅन सापडला. स्पायरल बाइंडिंग, चकचकीत कव्हर, ४६ पानं, आणि आतून कोरा करकरीत कारण कुणी उघडलाच नव्हता. पान १२ वर तेवढा चहाचा डाग होता, तो माझाच असणार.

आमची संस्था छोटी आहे, बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या बाजूला. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं गावातच रहावीत, शाळा तुटू नये म्हणून हंगामभर त्यांचं राहण्याजेवणाचं आम्ही बघतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दसरा झाला की मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, गाड्या लावतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि बऱ्याचदा खर्चूनही झालेली असते, मग पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक, आणि परत यायचं ते गुढीपाडव्याच्या मागेपुढे. लेकरू सोबत गेलं की त्याची शाळा गेली. त्यातून थोरली मुलगी असेल तर कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला तीच.

मी हिशोबाचं बघते. म्हणजे पदावर तसं लिहिलंय, बाकी गॅस संपला की फोन मलाच येतो.

तर प्लॅन. एका देणगीदार कंपनीने सांगितलं की पैसे देऊ पण आधी पाच वर्षांचा आराखडा पाहिजे. म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात दोन दिवस वर्कशॉप झालं, हॉटेलचा एसी हॉल, भिंतीभर रंगीत चिठ्ठ्या, व्हिजन, मिशन, स्वॉट वगैरे. ग्राउंड स्टाफ पाहिजे असं सांगितलेलं, म्हणून आमच्या स्वयंपाकाच्या मावशी पण आल्या होत्या. सल्लागारांनी विचारलं पाचव्या वर्षी किती मुलं? आमचे भाऊ, म्हणजे ज्यांनी संस्था काढली ते, क्षणभर थांबले आणि म्हणाले ५००. आदल्या हंगामात होती ११८. ५०० का, ४०० का नाही, हे कुणीच विचारलं नाही, लगेच तक्त्यात गेलं. तेवढ्यात मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, कारखाने कव्हा बंद होणार ते कुठं लिवलंय ह्याच्यात?"

मी तो प्रश्न मोठ्याने विचारला. सल्लागार म्हणाले उत्तम मुद्दा, रिस्कमध्ये टाकूया. टाकला की. पान ३१, "हंगामाची अनिश्चितता: मध्यम."

त्याच हंगामात, २०२१-२२ ला, ऊस एवढा झाला की मराठवाड्यातले कारखाने जूनपर्यंत चालले. आमचं बजेट मार्चअखेरपर्यंतचं. एप्रिल गेला, मे आला, आईबाप फडातच, आणि आमच्याकडे लेकरं रोज दोन वेळ जेवतायत. किराणावाल्याची वही भरत चाललेली, शेवटी तो मला म्हणाला मॅडम तुमच्यावर विश्वास आहे पण माझ्यावर पण कुणीतरी विश्वास ठेवायला पाहिजे ना. मग एक दिवस त्याची सगळी उधारी मिटली. कशी, ते मला बँकेच्या एंट्रीवरून कळलं, भाऊंनी स्वतःची एफडी मोडून पैसे टाकले होते आणि कुणाला बोलले नव्हते.

गावात सगळे म्हणाले, याला म्हणतात माणूस. खरंय ते. पण मला राग आला होता, अजून आहे थोडा. भाऊंनी खिसा पुढे केला की प्लॅनमधलं भोक दिसतच नाही. बोर्डाच्या मीटिंगमध्ये तो विषय अर्ध्या मिनिटात संपला, "भाऊंनी सांभाळून घेतलं", पुढचा मुद्दा घ्या.

मग २०२४-२५ ला नेमकं उलटं. गाळपाची तारीखच १५ नोव्हेंबर ठरली, त्यात २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, म्हणून आमच्याकडची बरीच जोडपी मतदान करूनच निघाली, आणि ऊस कमी म्हणून बहुतेक कारखाने मार्चपर्यंत बंदसुद्धा झाले. जेवणाच्या हेडमध्ये पैसे उरले. कंपनी म्हणाली उरलेले परत करा. नियमाने बरोबरच आहे हो, पण २०२२ ला जास्त गेले ते कुणी भरले होते?

इथे खरी गोची कॅलेंडरची आहे. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, आमच्या लोकांचं दसऱ्याला, कंपनीचं एप्रिलला. मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करायचे असतात, ते ३१ मार्चच्या आत. आम्ही जुलैत प्रपोजल देतो, डिसेंबरात करार होतो, पहिला हप्ता जानेवारीअखेर. तोवर लेकरांनी तीन महिने जेवून घेतलेलं असतं, कुणाच्या जिवावर ते विचारू नका. आणि फेब्रुवारीत फोन, मॅडम, मार्चच्या आत संपवाल ना? मला फार उशिरा कळलं की कायद्यात चालू प्रकल्प, ते लोक ऑनगोइंग प्रोजेक्ट म्हणतात, अशी सोय आहे. सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं प्रकल्प चालू शकतो, आणि मार्चला न खर्चलेले पैसे कंपनी वेगळ्या खात्यात ठेवून पुढे देऊ शकते. ४६ पानांत हे कुठेच नव्हतं. यंदा एका कंपनीकडे मी हट्टच धरला, आणि झालं. पहिल्या ईमेलला नाही म्हणाले, तिसऱ्याला हो.

आता नवीन प्लॅन आहे तो एका कागदावर, स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी चिकटवलाय. तो मे-जूनमध्ये होतो, माणसं गावात असतात तेव्हा, रात्री जेवणं झाल्यावर, देवळासमोर. मुकादमालाच विचारतो औंदा किती कोयते उचलले. पाऊस कसा झाला आणि उचल किती वाटली गेली यावरून पोरांचा आकडा जेवढा जवळ येतो तेवढा कुठल्याच एक्सेलमध्ये आलेला मी बघितला नाही. कागदावर दोन रकाने, आखूड हंगाम आणि लांबलेला हंगाम, दोन्हीचा किराणा वेगवेगळा. आणि खाली गंगाजळी. ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्या कामावर खर्चावे लागतात, पण १५ टक्के मागे ठेवता येतात, ते आम्ही इतकी वर्षं ठेवलेच नव्हते कारण भाऊंना पैसा शिल्लक दिसला की लाज वाटते. आता दोन महिन्यांचं धान्य निघेल एवढं साठलंय. ५०० चा आकडा खोडला, १५० लिहिलंय. भाऊ चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

जामखेड आमच्यापासून लांब नाही. १९७० ला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले ते डॉक्टरकी करायला, पण लोकांना आधी पाणी आणि धान्य हवं होतं, तर त्यांनी तिथून सुरुवात केली, आणि पुढे गावातल्याच, शाळेचं तोंड न बघितलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. मेबलताई १९९९ ला गेल्या, डॉक्टर २०११ ला. काम चालू आहे. मला त्यातली हीच गोष्ट सारखी आठवते कारण आमच्याकडे सगळं भाऊंच्या डोक्यात आणि त्यांच्या फोनमध्ये. कुठला देणगीदार दिवाळीला फोन केल्याशिवाय चेक देत नाही, कुठल्या मुकादमाशी कसं बोलायचं, सगळं. मावशींना यातलं निम्मं माहितीय, पण ते कुणी लिहून घेतलं नव्हतं. आता मी वहीत उतरवतेय, त्या भाकरी थापतात आणि मी शेजारी बसून लिहिते, मधेच म्हणतात हे नका लिवू.

एवढं सगळं करून अडकलो कुठे माहितीय? त्या ऑनगोइंगवाल्या कंपनीने शेड्यूल वनची, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीची, प्रत मागितली. धर्मादाय कार्यालयातून काढून आणली तर विश्वस्तांत अजून एका काकांचं नाव, ते जाऊन सहा वर्षं झाली. बदल झाला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, आम्ही दिलाच नव्हता. दुसरे विश्वस्त मुलाकडे पुण्याला असतात. म्हणजे कागदावर तिघं आणि प्रत्यक्षात एकटे भाऊ, वय ७१, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

वकील म्हणाले उशीर माफीचा अर्ज जोडून करून टाकू, आणि त्यातच दोन नवी नावं घ्या. मी मावशींचं नाव सुचवलं. भाऊ बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते, मग म्हणाले, "मी आहे ना अजून." मावशी म्हणाल्या, "हायेत की. म्हणून तर आत्ता सही करा."

अर्ज टाइप होऊन आलाय, टेबलावर आहे. दसऱ्याला पाच आठवडे राहिलेत.