मी 'यिफ्ट' झाले त्याची गोष्ट

स्वीडनला आल्यावर पहिलं काम म्हणजे पर्सोननुम्मर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, काढणं. जन्मतारीख आणि पुढे चार आकडे, बस एवढाच नंबर, पण तो नसेल तर साधं बँकेत खातं उघडतानाही नाकी नऊ येतात. नवरा आधीच इथे होता, मी मागून आले, त्यामुळे पासपोर्ट, परमिटचं कार्ड आणि लग्नाचं ओरिजिनल सर्टिफिकेट (झेरॉक्सवर विसंबू नका) असं सगळं घेऊन आम्ही काउंटरवर गेलो. इथे जन्म, लग्न, पत्ता ही सगळी नोंद टॅक्सवाल्यांकडेच असते.

तर वैवाहिक स्थितीच्या रकान्यात पर्याय काय, तर 'ओगिफ्ट' आणि 'गिफ्ट'. मी पुण्यात जर्मन शिकलेली, तिथे गिफ्ट म्हणजे विष हे पहिल्याच महिन्यात डोक्यात बसलेलं, आणि तेवढ्यात काउंटरवरच्या बाई विचारतात, "यिफ्ट?" मी नुसती बघत राहिले. नवरा म्हणाला, "अगं, लग्न झालंय का विचारतायत, हो म्हण!" लिहायचं गिफ्ट, म्हणायचं यिफ्ट.

घरी येऊन शोधत बसले तर रात्रीचे दोन वाजले. मूळ शब्दाचा अर्थ फक्त 'देणं'. स्वीडिशमध्ये मुलगी दिली म्हणजे ती गिफ्ट, आणि विषालाही गिफ्टच म्हणतात, उंदराचं औषध म्हणजे रॉटगिफ्ट! विषाचा अर्थ जर्मनकडून आला, आणि तिथे कसा, तर ग्रीकमध्ये औषधाच्या मात्रेला 'डोसिस' म्हणायचे, म्हणजेही 'देणं', त्याचं शब्दशः जर्मन केलं गिफ्ट, आणि विष असं तोंडावर म्हणण्यापेक्षा 'दिलेलं' म्हणणं बरं पडलं असणार. जुना अर्थ जर्मनमध्ये एका कोपऱ्यात उरलाय, मिटगिफ्ट म्हणजे हुंडा. डच लोकांनी भांडणच मिटवलं, 'गिफ' विष आणि 'गिफ्ट' देणगी. उच्चार मात्र त्यांचा घशातून, 'खिफ्ट'सारखा.

मला सगळ्यात मजा वाटली ती इंग्रजीची. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता, पण अर्थ वधूसाठी दिलेली किंमत, आणि अनेकवचनात चक्क लग्न, उच्चारही बहुतेक काउंटरवरच्या बाईंसारखा य-चा. आजचा भेटवस्तूवाला ग-चा गिफ्ट व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून आलाय. म्हणजे त्यांनी शब्द दिला इंग्रजांना, इंग्रजांनी आपल्याला, आणि आपण तो 'गिफ्ट पॅक करून द्या' म्हणून वापरतोय.

आणि तो डोसिस ज्या धातूचा, त्यातूनच आपलं देणं आणि दान. आमची आत्या अजून विचारते ना, "धाकटी कुठं दिली?" तेच की हे. कन्यादानाच्या वेळी मी गुरुजींशी घातलेला वाद आठवला, आणि इथे सरकारी कागदावर तोच अर्थ.

काही आठवड्यांनी नंबरचं पत्र आलं. मग नोंदीचा उतारा मागवला, त्यावर माझ्या नावाखाली 'गिफ्ट'. फोटो काढून आईला पाठवला. तिचा लगेच रिप्लाय: "कोणी दिलं गं?"