पानीमा गाडी पायवर चालस

धुळ्याला आग्रा रोडवर माझं टायरचं दुकान आहे. पुढे कारचं बॅलन्सिंग-अलाइनमेंट, मागच्या शेडमध्ये ट्रकची चाकं. नाशिककडून कांदा भरून इंदूर-दिल्लीकडे निघालेले ट्रक हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. गेल्या जुलैत एका दुपारी त्याच ट्रकांच्या रांगेत पोर्शे ९११ जीटी३ येऊन उभी राहिली. शेठ मूळचे शिरपूरकडचे, जिनिंगवाल्या घरातले, आता पुण्यात असतात. दुसऱ्या दिवशी त्यांना इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या ट्रॅकवर गाडी चालवायची होती, आणि टायर बघायला ओळखीचा माणूस सोबत हवा होता.

गाडी डोळे भरून बघावी अशीच आहे. चार लिटरचं इंजिन, ५१० अश्वशक्ती, काटा ९००० आरपीएमपर्यंत जातो. इंजिन बसवलंय मागच्या ॲक्सलच्याही मागे. पण मी आधी नक्षीची खोली मोजायचा डेप्थ गेज काढला. मागचे टायर ट्रॅकसाठीचे अर्ध-स्लिक, म्हणजे कमी खाचांचे, ३१५ मिलिमीटर रुंद, आणि आतल्या कडेला नक्षी दोन मिलिमीटरही उरली नव्हती.

"कायद्यात बसतंय ना? १.६ पर्यंत चालतं," शेठ म्हणाले.

"कायद्यात बसतंय शेठ, पाण्यात बसत नाही."

हे मी फोनवर आठ दिवस आधीच बोललो होतो, म्हणून त्यांनी रस्त्यावरच्या टायरचा नवा सेट रिमसकट ट्रान्सपोर्टने माझ्याकडे पाठवून ठेवला होता. तो मी त्याच दुपारी चढवला. या गाडीच्या चाकाला पाच नट नसतात, मधोमध एकच मोठा नट असतो आणि तो ६०० न्यूटन मीटरला आवळायचा असतो. कारच्या दुकानातला टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की कट्ट वाजणारा पाना, तिथे पुरत नाही. सॉकेट शेठच्या गाडीत होतं, रेंच मी मागच्या शेडमधून ट्रकचा आणला. ट्रकच्या चाकालाही साधारण तेवढाच जोर लागतो. पोराला आत बसवून ब्रेक दाबून धरायला लावला, आट्यांना ग्रीस लावलं आणि दोघांनी रेंचवर वजन टाकलं. कट्ट आवाज आला तेव्हा आमचा ट्रकवाला कारागीर खूश झाला.

पहाटे निघालो. पुढे शेठ, मागे पिकअपमध्ये मी, जुनी चाकं ताडपत्रीखाली. सोनगीर, नरडाणा, सावळद्याचा तापीवरचा पूल, पळासनेर, मग बिजासनी घाट. माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं शिरपूर आगाराची एसटी चालवली, त्यातली कितीतरी या घाटातून सेंधव्याकडे. पावसाळ्यात ते अहिराणीत एकच वाक्य बोलायचे, "पानीमा गाडी हातवर नही, पायवर चालस." मी लहानपणी त्यांच्या मागच्या सीटवर बसून तो पाय बघितलाय. ब्रेकवर कधी आपटायचा नाही, टेकायचा.

नॅट्रॅक्समध्ये चौदा वेगवेगळे ट्रॅक आहेत. ११.३ किलोमीटरचा मोठा गोल ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. आमच्या ग्रुपला वळणांचा हँडलिंग ट्रॅक मिळाला होता. सकाळी ऊन होतं, डांबर सुकं होतं. शेठनी हट्ट धरला, आणि मी जुनी चाकं परत चढवली. सुक्यावर त्या टायरची पकड खरोखरच वेगळी असते, त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण आभाळ मी बघत होतो. तेव्हाच ठाम नाही म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही, आणि हे मला अजून टोचतं.

बाराच्या सुमारास सर आली. दहा मिनिटांत डांबर काळंभोर चमकायला लागलं. शेठ ट्रॅकवरच होते. मी कडेला उभा राहून इंजिनचा आवाज ऐकत होतो, तो सरळ पट्ट्यावर अचानक वर चढला, जसा क्लच घसरल्यावर चढतो, आणि मग एकदम बंद. गाडी दीड वेळा फिरून गवतात थांबली होती. ना कुठे धडकली, ना ओरखडा. शेठ बराच वेळ आतच बसून राहिले. मी दार उघडलं तेव्हा म्हणाले, "मी काहीच केलं नाही रे, फक्त पाय उचलला."

तिथेच सगळं होतं. तो आवाज वर चढला तेव्हा मागचे टायर पाण्यावर तरंगत होते. टायर पुढे पळतो तेव्हा त्याच्या तोंडाशी पाण्याची पाचर तयार होते. नक्षीच्या खाचा ते पाणी बाहेर फेकतात. खाचा उथळ झाल्या आणि टायर रुंद असला की पाणी बाहेर पडत नाही, पाचर टायरखाली शिरते आणि चाक डांबर सोडतं. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर याचं सूत्र काढलं: टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याच्या वर्गमुळाला नऊने गुणा, नॉटमध्ये वेग मिळतो (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर). ३२ पीएसआयला तो ताशी साधारण ९४ किलोमीटर येतो. साचलेलं पाणी आणि गुळगुळीत टायर असेल तर तेवढ्यावर गाडी होडी होते. ट्रकच्या टायरमध्ये ११५ हवा धरा, उत्तर १७९ येतं. आग्रा रोडवर कांद्याचा ट्रक डबक्यातून सरळ निघून जातो आणि त्याच्यामागची महागडी कार गटांगळी खाते, ते यामुळे. आमच्याकडे पावसाळ्यात कितीतरी जण येऊन सांगतात, "हवा जरा कमी करा, पकड येईल." मी प्रत्येकाला हेच गणित सांगतो. कमी हवेवर टायर लवकर तरंगतो.

आणि पाय उचलणं. इंजिन मागे असल्यामुळे या गाडीचं जवळजवळ साठ टक्के वजन मागच्या चाकांवर असतं. झटक्याने पाय काढला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. त्यांना मुळातच पकड नव्हती, मग शेपूट पुढे यायला निघालं.

मी नव्या टायरचा सेट परत चढवला, थंड हवा मोजली, नट ६०० ला आवळला. शेठ म्हणाले, "आता तू चालव. मी बाजूला बसतो."

अडीच कोटींच्या गाडीत बसताना मी बूट काढून तळवे पुसले. ओला बूट पेडलवर सरकतो, एवढंच कारण. पहिली फेरी तिसऱ्या गिअरमध्ये, ऐकत. ओल्या रस्त्यावर चाकाच्या कमानीत पाण्याचा सतत फर्राटा येतो. स्टिअरिंगला वजन असतं, हाताला रस्ता लागत राहतो. दुसऱ्या फेरीत मी सुक्यातली लाइन सोडली. सकाळभर सगळ्या गाड्या ज्या वाटेने वळल्या, तिथे रबर घासून बसलेलं असतं आणि पाऊस पडला की तीच जागा साबणासारखी होते. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरीला डिझेल सांडलेला पट्टा आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती जशी निसरडी होते, तसंच. मी एक गाडीभर बाहेरून वळलो, खरखरीत डांबरावरून. रंगवलेल्या कडेच्या पट्ट्यांना चाक लागू दिलं नाही. ब्रेक सरळ असतानाच लावायचा, वळणात शिरण्याआधी सोडून द्यायचा, आणि ॲक्सिलरेटर स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा उघडायचा.

तिसऱ्या फेरीत, जिथे शेठची गाडी फिरली होती, तिथे अजून पाणी साचलेलं होतं. फर्राटा थांबला. स्टिअरिंग हातात हलकं झालं, बंद इंजिनच्या गाडीचं जॅकवर चढवल्यावर होतं तसं. काटा पाचशे आरपीएमने वर उडाला. अर्धा सेकंद असेल. मी काहीही केलं नाही. पाय होता तिथे ठेवला, हात सरळ, आणि मग बोटांच्या रुंदीएवढाच पाय कमी केला. मागचं चाक खाली आलं ते पाठीला कळलं, आधी डावं, मग उजवं. आवाज परत सुरू झाला.

शेठ म्हणाले, "हे मला शिकव."

पुढचा तासभर तेच केलं. चौथ्या फेरीला त्यांचा पाय टेकायला लागला. त्यांनी विचारलं, हे तू कुठे शिकलास. मी सांगितलं, एसटीत.

परतताना बिजासनी घाटात धो-धो पाऊस. उतारावर ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालले होते. २०२३ च्या जुलैत याच उताराखाली पळासनेरला ब्रेक गेलेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि माणसं गेली, तेव्हापासून या घाटातून मी गप्प बसूनच उतरतो. शेठनी पोर्शे माझ्या पिकअपच्या मागे ठेवली, पन्नासच्या आत, अंतर राखून, खालच्या गिअरवर. आरशात त्यांचे दिवे एकदाही डगमगले नाहीत.

धुळ्याला पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. वडील दुकानाच्या ओट्यावर बसले होते, वय चौऱ्याहत्तर. उठून गाडीभोवती एक चक्कर मारली. इंजिन कुठे आहे, किंमत किती, काहीच विचारलं नाही. मागच्या चाकापाशी वाकले, ओल्या टायरवर तळहात पसरून ठेवला, खाचांतून बोट फिरवलं आणि शेठकडे बघून म्हणाले, "मांगला चाकमा हवा कितली शे?"

शेठनी आकडा सांगितला. "गरम का ठंडी?" वडिलांनी विचारलं.

मी गेज आणायला आत गेलो.