उंदीर का मारलेत?

तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा सांगते. "जीव वाचवायचे म्हणता आणि बेटावर विष पसरता, हे कसं?" बोलून झालं की कुणीतरी हे विचारतंच, आणि माझं उत्तर दर वेळी अर्धवट राहतं.

उंदीर पॅसिफिकमधल्या त्या बेटांचा नव्हे, तो जहाजांतून आला. पांढऱ्या सुरयाची, म्हणजे तिथल्या एका समुद्रपक्ष्याची, मादी घरटं न बांधता उघड्या फांदीच्या खाचेत एकच अंडं घालते. शिकारी सस्तन प्राणी नव्हते तोवर ते निभावलं. उंदीर अंडी-पिल्लं खातो, पिसोनिया या तिथल्या झाडाची कोवळी रोपंही खातो. पक्षी संपले की त्यांच्या विष्ठेतून जमिनीला आणि समुद्राला मिळणारं नत्र आटतं. हिंदी महासागरातल्या छागोस बेटांवरच्या २०१८ च्या अभ्यासात, उंदीर नसलेल्या बेटांलगतच्या प्रवाळांवर माशांचं एकूण वजन ४८ टक्क्यांनी जास्त भरलं. हे सगळं मी शांतपणे सांगू शकते.

पुढचं नाही. विष टाकून झाल्यावर मेलेले पक्षी शोधून नोंदवणं हे माझं काम होतं. मर्यादवेलीच्या जाळीत एक कर्ल्यू बसलेला दिसला. अलास्कात जन्मून पॅसिफिकच्या बेटांवर हिवाळा काढणारा हा पक्षी. पिसं बदलताना त्यांच्यातल्या कित्येकांना काही काळ उडताच येत नाही, इतका त्यांचा या बेटांवर भरवसा. मी जवळ गेले तरी तो हलला नाही. चोचीच्या मुळाशी रक्त होतं. विष खाल्लेले खेकडे त्यानं खाल्ले असणार. असं होईल हे ठाऊक होतं, म्हणूनच सापडतील तेवढे कर्ल्यू आम्ही आधी पिंजऱ्यांत ठेवले होते. हा हाती लागला नव्हता. तो मरेपर्यंत मी तिथेच बसले. मग वहीत लिहिलं: प्रौढ, मृत.

उंदरालाही तसंच मरण येतं, हे मला कुणी सांगायला नको. पण वर्षानुवर्षं फस्त झालेल्या अंड्यांचा हिशेब माझ्याकडे कुणी मागितलेला नाही. पॅसिफिकमधल्या पाल्मायरा बेटांवर २०११ मध्ये उंदीर हटले आणि पिसोनियाची रोपं भराभर उगवली.

विशीत मी विषाच्या ठाम विरोधात होते. त्या मुलीला मी हे आकडे दाखवले, तर ती त्या कर्ल्यूबद्दल विचारेल, आणि तिला गप्प करेल असं माझ्याकडे काही नाही. तरी पुढच्या बेटासाठी मी होकार कळवलाय. पिंजरे जास्त लागतील, पकडायला माणसंही जास्त लागतील, हे त्याच पत्रात लिहिलंय.