ब्रेक लाइट, तवंदी घाट आणि तीन जॉब कार्डं

इलेक्ट्रिक गाडी घेतली, केए-२३ पासिंग झालं, घरी चार्जर बसला. यातल्या कशातच सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते बेळगावच्या सर्व्हिस सेंटरमधल्या एका काउंटरबद्दल. निपाणीहून तिथं जायला ७५ किलोमीटर, यायला तेवढेच, आणि असे तीन हेलपाटे झाले.

घडलं असं. उसाचा हंगाम. संकेश्वरकडून येताना तवंदी घाट उतरत होतो. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर दिसला म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला. रीजेन, म्हणजे पाय सैल केला की मोटरच गाडीचा वेग कमी करते ती सोय, तीन नंबरवर होतं, गाडी आपसूक दबली. ब्रेकला पायच लावावा लागत नाही, याचं तेव्हा मला फार कौतुक होतं. इतक्यात मागं कर्रकन आवाज. दुधाची पिकअप, माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर.

घाट उतरल्यावर त्यानं मला गाठलं. "ओ मालक, लाइट तरी लागू दे की! तुम्ही हळू करालाय ते आम्हाला कसं कळायचं?"

"लागतो की लाइट," मी म्हटलं.

"इल्ल री. लागलाच नाही."

घरी येऊन भिंतीसमोर गाडी लावली, ब्रेक दाबला. तिन्ही दिवे लख्ख. म्हटलं, दूधवालाच झोपेत असणार. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं, घाटात मी ब्रेक दाबलाच कुठं होता? पाय सैल केला की मोटर जनरेटर होते, चाकांची गती खाते आणि बॅटरीत वीज भरते. पेडल हललंच नाही तर त्याच्यामागचा स्विच दबणार कसा? अशा वेळी लाइट लावायचा की नाही हे गाडीतलं सॉफ्टवेअर ठरवतं.

आता काउंटर. पहिल्या खेपेला पाऊण तास थांबून नंबर लागला. घाट, ट्रॅक्टर, पिकअप सगळं सांगितलं. समोरच्या पोरानं मान डोलावत टॅबमध्ये टाइप केलं, "ब्रेक लाइट नॉट वर्किंग". मी म्हटलं, अहो, तसं नाही, ब्रेक दाबल्यावर लागतो, पाय काढल्यावर लागत नाही. "तेच लिहिलंय सर." गाडी आत गेली. काचेतून बघतोय, तर एक जण सीटवर बसला, एक मागं उभा राहिला. ब्रेक दाबला, मागच्यानं अंगठा दाखवला. "एल्ला सरी ऐत री!" वर गाडी धुऊन दिली. कागदावर "नो प्रॉब्लेम फाउंड".

दुसऱ्या खेपेला मी चिडूनच गेलो होतो. चिडून काही मिळत नाही, हे लिहिताना कळतंय. तेव्हा मी काउंटरवर हात आपटला. त्याचा फायदा इतकाच की चहा आला. जॉब कार्डावर परत तेच चार शब्द, कारण त्या टॅबमध्ये तक्रारीची यादी तयार असते आणि तिच्यात "रीजेनला लाइट लागत नाही" असली ओळच नाही. बल्बची तक्रार गेली की बल्बच तपासणार, त्या मेकॅनिकचा तरी काय दोष? उभ्या गाडीत रीजेन होतच नाही. ती रस्त्यावर पळवल्याशिवाय हा दोष जगात कुणाला दिसणार नाही, आणि ते लोक गाडी शेडबाहेर काढायला तयार नव्हते. "टेस्ट ड्राइव्हला मॅनेजर साहेबांची सही लागते." साहेब जेवायला गेले होते. चार वाजेपर्यंत जेवत होते.

त्या सोफ्यावर बसून मोबाइलवर नियम वाचून काढला. संयुक्त राष्ट्रांचा मोटारींच्या ब्रेकबद्दलचा १३-एच क्रमांकाचा नियम आहे. रीजेनमुळे वेग सेकंदाला ०.७ मीटर प्रतिसेकंदापर्यंतच कमी होत असेल तर लाइट लावायचा नाही. ०.७ ते १.३ च्या मध्ये कंपनीची मर्जी. १.३ च्या वर लाइट लागलाच पाहिजे. आपल्या भाषेत, ६० वरून ४० वर यायला आठ सेकंदांहून जास्त लागले तर लाइट नको, सव्वाचारपेक्षा कमी लागले तर हवाच. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर हे मोजता येतं. स्पीडोमीटर आणि घड्याळ दोन्हीकडं बघायला शेजारी माणूस घ्या, एकट्यानं करू नका.

मी मेहुण्याला घेतलं. पहाटे पाचला अक्कोळ रस्त्यावर तो मागच्या मोटारसायकलवर पाठीमागं बसून व्हिडिओ काढत होता, शेजारी भाचा स्टॉपवॉच घेऊन. पाय पूर्ण काढला, साडेतीन सेकंद, लाइट लागला! माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. मग घाटात केलं होतं तसं केलं, पाय पूर्ण न काढता अंगठ्याएवढा टेकवून ठेवला. चार सेकंद. लाइट नाही. तीनदा केलं, तीनदा नाही. म्हणजे पाय साफ उचलला तरच सॉफ्टवेअर लाइटचा विचार करतंय. अमेरिकेत २०२३ साली काही इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल नेमकी हीच ओरड झाली होती.

हे करताना बॅटरी शंभर टक्के भरलेली नको. भरलेल्या बॅटरीला वीज घ्यायला जागा नसते, रीजेन ढिलं पडतं. पहिल्या पहाटे मी हीच चूक केली आणि अर्धा तास वाया घालवला.

तिसऱ्या खेपेला व्हिडिओ घेऊन गेलो आणि टॅबच्या यादीला हात लावू दिला नाही. "कस्टमर व्हॉइस" नावाचा रिकामा रकाना असतो, त्यात माझं वाक्य माझ्या शब्दांत टाइप होईपर्यंत काउंटर सोडला नाही. मागं रांग लागली, लागू दे. व्हिडिओ आतल्या एका वयस्कर इंजिनिअरनं बघितला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "सर, अपडेट आहे याला." दोन महिन्यांपासून होता म्हणे.

घाटाचं कोडंही त्यानंच उलगडलं. शंभर मीटरला पाच मीटर उतार असला तर गाडी खाली ओढणारा जोर त्या नियमाच्याच मापात साधारण ०.५ चा असतो. सपाटीवर १.५ नं दबणारी गाडी तिथं १ नंच दबते, म्हणजे मर्जीच्या पट्ट्यात येते. अपडेटनंतरही उतारावर लाइट लागेलच असं नाही. म्हणून आता तवंदी, वंटमुरी घाटांत पुढं अडथळा दिसला की ब्रेकला नुसता पाय टेकवतो. स्विच दबतो, लाइट लागतो. मागच्या पिकअपवाल्याला माझी बॅटरी किती भरली याच्याशी काय देणंघेणं?

अपडेटला दोन तास लागले. अक्कोळ रस्त्यावर पुन्हा बघितलं, अंगठा टेकवलेला असतानाही लाइट लागतो. बंद झालेल्या जॉब कार्डावर मात्र छापून आलं, "तक्रार: ब्रेक लाइट नॉट वर्किंग. बल्ब तपासला, ओके." मी सही करून टाकली. निपाणी गाठायची होती, आणि दोन तास गाडी आत उभी असूनही चार्जिंगला लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.