ठिपका पेशीच्या आत की बाहेर?

तुम्ही विचारलंत म्हणून. “पेशीनं एखादं प्रथिन आत घेतलं हे कळतं कसं? ते नुसतं बाहेरून चिकटलेलं नसेल कशावरून?” शंका रास्त आहे; हा प्रयोग बहुतेक वेळा तिथेच फसतो.

ट्रान्सफेरिनचं उदाहरण घेऊ. रक्तातलं लोह वाहणारं हे प्रथिन चमकता रंग जोडलेलं विकत मिळतं. हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी) कव्हरस्लिपवर, म्हणजे पातळ काचेच्या तुकड्यावर, वाढवायच्या, पण दाटी नको. 60-70 टक्के काच झाकली की पुरे. अर्धा तास सीरमशिवाय (रक्तद्रवाविना) उपाशी ठेवल्या की रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची ट्रान्सफेरिन पकडणारी प्रथिनं, मोकळे होतात. मग बर्फावर अर्धा तास ट्रान्सफेरिन, मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम. थंडीत ते रिसेप्टरला चिकटतं, पण आत ओढलं जात नाही. धुऊन 37 अंशांचं माध्यम घातलं की वाहतूक सुरू: 5 मिनिटांत कडेला विखुरलेले ठिपके, 15 मिनिटांपर्यंत बरेचसे केंद्रकाजवळ गोळा.

बर्फावर म्हणजे नुसत्या चुऱ्यावर नव्हे. प्लेटच्या तळाशी हवा अडकते आणि पेशी हव्या तेवढ्या गार होतच नाहीत. चुऱ्यात पाणी घालायचं, वर धातूची पाटी, तिच्यावर प्लेट. हे चुकलं तर ‘शून्य मिनिटां’च्या नमुन्यातच ठिपके दिसतात.

बाहेर उरलेलं काढायला आम्ल वापरतात, आणि इथे खरी गोम आहे. सौम्य आम्लात ट्रान्सफेरिन लोह सोडतं, रिसेप्टर सोडत नाही! पेशीतही तेच होतं. एंडोसोममध्ये, म्हणजे आत ओढलेला माल आधी जिथे पोचतो त्या पिशवीत, सामू 6 च्या खाली गेला की लोह सुटतं. रिकामं ट्रान्सफेरिन रिसेप्टरला धरूनच पृष्ठभागावर परततं आणि बाहेरच्या 7.4 सामूला सुटतं. म्हणून आधी सामू 5 चा बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण), त्यात लोह पकडणारं डेफेरोक्सामिन, आणि लगेच 7.4 चा बफर; दोन्ही बर्फावरच. दुसरं धुणं गाळलं तर पहिल्याचा उपयोग शून्य. हाच खेळ ईजीएफ (पेशीला वाढीचा संदेश देणारं प्रथिन) घेऊन केला तर जास्त मात्रेत त्यातलं बरंचसं परत न येता लायसोसोमकडे, पेशीच्या पचनपिशवीकडे, जातं, आणि वाढीचा संदेशही तिथे संपतो.

शेवटी पेशी आहे तशा स्थिर करायला 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, 15 मिनिटं. ठिपके मोजायचा मोह आवरावा: वाहक पिशवी साधारण 100 नॅनोमीटरची, साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक 200 च्या खालचं वेगळं दाखवत नाही. दर पेशीची चमक मोजलेली बरी.

आणि दोन कव्हरस्लिप कधीच गरम करायच्या नाहीत. एक आम्लानं न धुतलेली, तिची कड चमकायला हवी. दुसरी धुतलेली, ती काळी. दुसरीत कड दिसली तर बाकीची चित्रं काढायची तसदी घेऊ नका.