आईला दिसलेली रेघ

लावणीसाठी चिपळूणजवळच्या घरी आलोय. सुट्टी नावालाच. पडवीत लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि पुण्यातल्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, माझा भूकंपलहरींचा प्रोग्राम. सह्याद्रीखाली ६.३ चा धक्का द्यायचा नि लाटा कोकणात कशा उतरतात ते बघायचं.

हिशेब अवाढव्य. जमिनीचा ठोकळा ५१२ × ५१२ × ५१२, म्हणजे तेरा कोटींवर बिंदू. वारंवारता दुप्पट हवी तर बिंदू आठपट, वेळेची पावलं दुप्पट, काम सोळापट. म्हणून ६४ प्रोसेसरांत वाटणी. आधी मी चकत्या पाडल्या होत्या, प्रत्येकी ८ थरांच्या. तिथेच फसलो. एका चकतीच्या दोन बाजूंना मिळून सव्वापाच लाख बिंदू, आणि ते दर पावलाला शेजारच्या प्रोसेसरांना कळवायचे. तेवढंच काम १२८ च्या घनात बसवलं तर सहा बाजूंना मिळून ९८ हजार. शिवाय कडा आधी मोजून धाडायच्या आणि त्या पोचेपर्यंत आतलं उरकायचं. कुकर चढवून नारळ खवायला घ्यावा, तसं.

रन झपाट्याने संपला. मी खूश. आई शेतातून आली, पाय धुऊन स्क्रीनकडे वाकली.

"ही रेघ कसली रे? पऱ्या आहे?"

पऱ्या इतका सरळ वाहतो होय! नीट पाहिलं तर उत्तर-दक्षिण अशा तीन रेघा, बरोबर प्रोसेसरांच्या बांधांवर. लाट तिथून मागे फिरत होती. दर पावलाला वेग आणि ताण दोन्ही शेजाऱ्याला द्यावे लागतात. पूर्व-पश्चिम ताण पाठवणारी ओळ मी चाचणीसाठी बंद केली होती, ती तशीच राहिली. शेजारचा ताण शून्य, म्हणजे लाटेच्या लेखी जमीनच संपली. आणि ज्या झपाट्यावर मी खूश होतो, त्यातला काही या न झालेल्या बोलण्याचा होता!

ओळ सुरू केली. रन लांबला, रेघा गेल्या.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आई सात वर्षांची होती. "आमच्याकडे किती वेळात पोचला असेल रे?"

कोयनानगर सरळ रेषेत अठ्ठावीसेक किलोमीटर. जोरात हलवणारी लाट सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर जाते. "सात-आठ सेकंद."

"तरीच. आजीने मला उचललं, तोवर कौलं पडायला लागली होती."